प्रार्थना करमणुकीच्या रकान्यात का?

वृद्धाश्रमाच्या दर्शनी भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक लावलेलं असतं. सकाळी सहाला चहा, साडेआठला नाश्ता, मग रक्तदाब आणि साखर, अकराला व्यायाम, साडेबाराला जेवण. संध्याकाळच्या चहानंतर एक ओळ असते : ‘करमणूक / प्रार्थना’. ख्रिस्ती संस्थांनी चालवलेल्या आश्रमांतही ती पुष्कळदा अशीच असते. रविवारपुढे ‘मिस्सा’ किंवा ‘उपासना’ एवढा शब्द वाढलेला. यात व्यवस्थापकांना एकट्यांना दोष देता येत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या कायद्याचं कलम १९ वृद्धाश्रमांबद्दल आहे. जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशी व्यवस्था त्यात सांगितली आहे. आश्रमांतल्या सेवा कशा असाव्यात हे राज्यांनी ठरवायचं, आणि ते सांगताना कायद्यानं नावं घेतली आहेत ती दोन गोष्टींची : वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं. प्रार्थना औषधांच्या कपाटात मावत नाही, म्हणून ती टीव्हीशेजारी जाऊन बसली.

या स्तंभात धर्माचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. विषय वृद्धांच्या तब्येतीचाच आहे. ख्रिस्ती वृद्धाश्रमातली उपासना आणि फादर किंवा पाळकांची भेट हा शुश्रूषेचा भाग आहे, असं माझं मत आहे. आणि एकदा शुश्रूषा म्हटली की तिला शुश्रूषेचे प्रश्नही विचारावे लागतात : कुणाला, केव्हा, किती, आणि अपाय काय होऊ शकतो? श्रद्धाळू मंडळींना हे प्रश्न रुचत नाहीत. माझ्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना मुळात उपासनेला शुश्रूषा म्हणणंच रुचत नाही.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या घरात होती, म्हणजे शंभरात एकाहूनही किंचित कमी. पण वसई, मुंबईची उपनगरं, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यांत या समाजातली घरं झपाट्यानं रिकामी होत गेली आहेत. मुलगा कॅनडात, मुलगी आखातात नाही तर ऑस्ट्रेलियात, आणि मागे सत्तरी-ऐंशीतले दोघं. पुढे त्यातलं एक. ज्या माणसाचा आठवडा साठ-सत्तर वर्षं रविवारच्या घंटेभोवती फिरला, तो आश्रमात येतो तेव्हा घर सोडतो हे सगळ्यांच्या लक्षात येतं. त्याचं चर्चही सुटलेलं असतं : ठरलेला बाक, शेजारी बसणारी माणसं, गायनवृंद, कबरस्तानात मातीला गेलेला जोडीदार. प्रवेश अर्जात मधुमेह, ॲलर्जी, चष्मा, कवळी यांचे रकाने असतात. या गोष्टीचा नसतो.

हे सुटणं तब्येतीला लागतं का? अमेरिकेत सुमारे ७४,५०० परिचारिकांवर दीर्घकाळ झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये सोळा वर्षांच्या काळातला मृत्युदर कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. लगेच हुरळून जाऊ नये. जी चर्चच्या पायऱ्या चढू शकते ती मुळात धडधाकट असते. संशोधकांनी याचा हिशोब केला होता, तरी असा हिशोब कधी पुरा होत नाही. शिवाय त्या अभ्यासातल्या बहुतेक जणी गोऱ्या अमेरिकी ख्रिस्ती होत्या. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं मोजलं गेलं ते उपासनेला जाणं, चार माणसांत बसणं. खोलीत एकटीनं केलेली प्रार्थना नव्हे. आश्रमात राहायला आल्यावर तुटतं ते नेमकं हेच.

दुसरं टोकही सांगायला हवं. २००६ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांना काही उपयोग होतो का, हे त्यात पाहिलं होतं. झाला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली, ५९ टक्के. माहीत नसलेल्यांत ५२. तेव्हा प्रार्थनेनं रक्तवाहिनी मोकळी होते असं कुणी सांगत असेल, तर त्याला विज्ञानाचा आधार नाही. पण आश्रमातल्या रविवारी जे घडतं ते दुरून केलेली प्रार्थना नव्हेच. तिथं माणूस माणसासमोर येऊन बसतो, नावानं हाक मारतो, हात हातात घेतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या खोलीत याचा सर्वांत लख्ख परिणाम दिसतो. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली पुढे आला. ज्या आजींना सकाळी नाश्ता केल्याचं आठवत नाही, मुलीला त्या बहीण समजतात, त्याच आजी लहानपणीच्या भक्तिगीताची पहिली ओळ कानावर पडताच दुसरी म्हणू लागतात, चालीसकट. यात चमत्कार नाही. २०१५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात आधी निरोगी माणसांच्या मेंदूत जुनी, ओळखीची गाणी कुठे उमटतात हे शोधलं, आणि मग अल्झायमरच्या रुग्णांत त्या भागांचं काय होतं ते पाहिलं. ते भाग इतर भागांच्या मानानं बरेच शाबूत राहिलेले दिसले. घर कोसळताना एखादी खोली शेवटपर्यंत उभी राहावी तसं.

म्हणून काय गायचं हा प्रश्न मला सजावटीचा वाटत नाही. माणसाच्या पक्क्या आठवणी बहुतेक दहा ते तीस या वयातल्या असतात. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या प्रॉटेस्टंट आजोबांच्या त्या वयात चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ होतं, नारायण वामन टिळकांची गीतं होती, पेटी आणि तबला होता. त्याच वयाच्या कॅथलिक आजींनी लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली आहे. स्थानिक भाषा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात. गोव्याकडून आलेल्यांच्या कानात क्रुसापुढची लदीन असते. डिसेंबरात उत्साही तरुणांचा गट गिटार आणि कीबोर्ड घेऊन येतो, गेल्या वर्षीची नवी गाणी टाळ्या वाजवून म्हणतो, फोटो काढतो, केक वाटतो. त्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण मागच्या रांगेतल्या चाकाच्या खुर्चीतले डोळे त्या वेळी रिकामे असतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. हेच तरुण महिन्यातून एकदा आले, दोनच जुनी गीतं संथ लयीत म्हणाले आणि आज्यांना मध्येच चूक दुरुस्त करू दिली, तर किती वेगळं होईल! बायबलच्या वाचनाचंही तेच. नवं सोपं भाषांतर समजायला सोपं असतं, पण स्मृतिभ्रंशात समजण्यापेक्षा ओळख पटणं आधी येतं. तिथं पाठ झालेली जुनी वचनंच वाचावीत.

वेळही महत्त्वाची. दिवस मावळताना अशा रुग्णांची चलबिचल वाढते, घरी जायचंय म्हणून काही जण दाराशी येऊन उभे राहतात. त्यांच्यासाठी उपासना सकाळी दहा-साडेदहाला असावी, पंचवीस मिनिटांत आटोपणारी, प्रवचन पाच-सात मिनिटांचं. पंखे हळू, टीव्ही बंद, बोलणारा समोर आणि उजेडात. घुमणारा लाउडस्पीकर लावला की कमी ऐकू येणाऱ्याला आवाज मोठा येतो, शब्द मात्र येत नाहीत. गीतांची पुस्तकं मोठ्या टायपात. यातल्या कशालाही धर्मशास्त्राची पदवी लागत नाही, खर्चही फारसा नाही.

रोझरीचं एक ओझरतं सांगतो. इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. लॅटिनमधली रोझरी म्हणताना आणि योगातला मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या लयीला ते मानवतं, असं त्यांना आढळलं. एकूण २३ निरोगी माणसं होती. यावरून रक्तदाबाची गोळी कुणी सोडू नये. पण रात्री झोप न येणाऱ्या आजी गोळीऐवजी जपमाळ मागत असतील, तर नाइट ड्युटीच्या मावशींनी ती शोधून देण्यात काहीच नुकसान नाही. मणी मोठे असले तर सांधे धरलेल्या बोटांना बरं पडतं.

आता अवघड भागाकडे येतो. आश्रमातल्या माणसाची श्रद्धा नेहमी आधारच देते असं नाही. ‘मुलानं इथं आणून ठेवलं, हे माझ्या कुठल्या पापाचं?’ ‘देव मला विसरला.’ हे उद्गार फेरीवर असताना कानावर पडतात, आणि आपण डॉक्टर पाठीवर थोपटून पुढच्या खाटेकडे जातो. जाऊ नये. अमेरिकेत ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांचा सुमारे दोन वर्षं माग ठेवणारा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. देवानं आपल्याला टाकलं, तो शिक्षा करतो आहे, अशा घालमेलीत जे होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. आजाराची तीव्रता आणि मनःस्थिती हिशोबात धरूनही. म्हणजे हा प्रश्न नुसत्या समजुतीच्या चार शब्दांचा नाही. त्यासाठी असं माणूस हवं की ज्याच्यापुढे देवावर रागावता येईल आणि जे लगेच देवाची बाजू घेणार नाही. स्तोत्रसंहितेत देवाकडे तक्रार करणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस अशी विनवणी एकाहत्तराव्या स्तोत्रात आहे. चांगल्या पाळकाला हे ठाऊक असतं. तो उपदेश आवरतो, खुर्ची ओढून बसतो.

आणि त्याला आणखी एक माहीत असायला हवं. ‘आता प्रभूनं न्यावं’ हे वाक्य कधी तृप्त आयुष्याचं असतं आणि कधी नैराश्याच्या आजाराचं. भूक गेली आहे, पहाटे तीनला जाग येते, आवडीच्या माणसातही मन रमत नाही, अशी जोड असेल तर ते प्रार्थनेसोबत उपचारांचं काम आहे. पापनिवेदनातलं गुपित धर्मगुरू कुणाला सांगत नाहीत, सांगूही नये. पण बाहेरच्या गप्पांत कळलेली गोष्ट, त्या व्यक्तीला विचारून, नर्सच्या कानावर घालता येते. बहुतेक आश्रमांत फादर आणि डॉक्टर एकाच दारातून वेगवेगळ्या दिवशी येतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेले नसतात.

कॅथलिक कुटुंबांत एक भीती अजून घट्ट आहे. आजाऱ्याला तेल लावायला फादर आले म्हणजे आता संपलं. म्हणून ‘बाबांना कळू देऊ नका’ असं म्हणत मुलं फादरना बोलवायचं लांबवतात, आणि ते येतात तेव्हा बाबा बेशुद्ध असतात. वास्तविक चर्चनंच ही समजूत सोडून साठ वर्षं होऊन गेली. हा विधी केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली सांगितलं आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याची नवी रीत घालून दिली. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्यानं खचलेल्या माणसालाही तो देता येतो, पुन्हा देता येतो. माझ्या शाखेत पॅलिएटिव्ह केअरच्या वाट्याला हीच गत येते. ‘वेदना कमी करणाऱ्या डॉक्टरांना बोलवू या’ म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. प्रत्यक्षात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना अशी सेवा सुरुवातीपासून मिळाली ते अधिक बऱ्या अवस्थेत तर राहिलेच, शिवाय सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. तेल काय किंवा मॉर्फिन काय, उशिरा आणलं की दोन्ही अपशकुनी ठरतात.

पाळकी सेवेचा अपायही होतो, हे म्हटलं की काही जण दुखावतात. पण २०१३ साली ३४३ कर्करुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास आला आहे. ज्यांना आपल्या धार्मिक मंडळींकडून भरपूर आधार मिळत होता, त्यांच्या वाट्याला अखेरच्या दिवसांत आयसीयू आणि आक्रमक उपचार जास्त आले, हॉस्पिसची सेवा कमी. उपचार करणाऱ्या वैद्यकीय पथकानंही त्यांच्या श्रद्धेची दखल घेतली, तिथं हे चित्र पालटलेलं दिसलं. चमत्कार होईल, धीर सोडू नका, असं रोज सांगणाऱ्यांच्या गराड्यात म्हाताऱ्या माणसाला ‘मला आता नळ्या नकोत’ म्हणणंही अविश्वास दाखवल्यासारखं वाटत असावं. गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणारा कुणीही, तो कितीही गोड गाणारा असो, आश्रमाच्या फाटकाच्या आत येता कामा नये.

लहान वाटणारे अपाय अधिक नेहमीचे असतात. लेंटच्या दिवसांत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेऊन नाश्ता टाळणाऱ्या आजी साखर उतरून चक्कर येऊन पडतात. ऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं की पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम वयाची ५९ वर्षं पुरी झाली की लागू राहत नाही. कम्युनियनच्या आधी तासभर काही न खाण्याचा नियमही वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना नाही. हे डॉक्टरनं सांगितलं तर आजी हसतात. फादरनी वेदीवरून सांगितलं तर ऐकतात. गिळायचा त्रास असलेल्यांसाठी होस्तियाची कोरडी चकती टाळूला चिकटते, ठसका लागतो. अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसात तोच घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. अगदी कणभर तुकडाही धर्मदृष्ट्या पूर्ण मानला जातो, तो द्यावा, माणसाला सरळ बसवून. प्रॉटेस्टंट प्रभुभोजनातला द्राक्षरसाचा पातळ घोट काहींना भाकरीपेक्षाही अवघड जातो. कुणाला काय चालतं याची यादी नर्सकडे असतेच. ती उपासना चालवणाऱ्याच्या हातात पडत नाही, एवढंच.

आणि जो एकटा आहे त्याचं काय? राज्यातल्या बहुतेक वृद्धाश्रमांत संध्याकाळी आरती आणि भजन होतं. तिथं एखादीच ख्रिस्ती आजी असते. कुणी तिला त्रास देत नाही; ती टाळ्याही वाजवते. नाताळला तिला शुभेच्छा मिळतात. पण तिला कम्युनियन हवं आहे का, जवळच्या चर्चमध्ये निरोप द्यायचा का, गेल्यावर दफन कुठे व्हावं, हे विचारलेलं नसतं. ख्रिस्ती आश्रमातल्या हिंदू आजोबांनाही हेच लागू आहे. त्यांना उपासनेला न येण्याची पूर्ण मुभा हवी, तिचा परिणाम ताटावर किंवा आवाजाच्या सुरावर होता कामा नये, आणि एकादशीला त्यांची साबुदाण्याची खिचडीही हवी. सेवेच्या आडून दुसरं काही चालतं, या संशयाला सर्वांत चांगलं उत्तर हेच.

क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकी डॉक्टर बाईंनी नव्वदच्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी चार प्रश्न बसवून दिले. तुमची कशावर श्रद्धा आहे, तिचं तुमच्या आयुष्यात किती मोल आहे, तिच्याशी जोडलेली माणसं कोण, आणि आम्ही त्याबाबत काय करावं? पाच मिनिटं लागतात. उत्तर ‘कशावरच नाही’ असं आलं तर तेही लिहून ठेवावं; नास्तिक आजोबांना रविवारी वर्तमानपत्र आणि बुद्धिबळाचा जोडीदार मिळावा. सिसली साँडर्स परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या, १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. शरीर, मन, नाती आणि श्रद्धा या चारही ठिकाणचं दुखणं एकत्र पाहायचं हे त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे मुंबईच्या वांद्र्यात १९८६पासून शांती अवेदना सदन हे काम करत आहे. धर्मभगिनी ते चालवतात आणि सर्व धर्मांचे रुग्ण तिथं असतात. जे मरणासन्न रुग्णासाठी आपण मान्य केलं, ते आश्रमात दहा-बारा वर्षं काढणाऱ्या माणसासाठी का नाही?

वेळापत्रकात एक गोष्ट कधीच नसते : आश्रमात कुणी गेलं की काय करायचं. बहुतेक ठिकाणी मृतदेह मागच्या दारानं हलवतात, खाटेवरची चादर बदलतात, आणि ‘त्यांना मुलाकडे नेलं’ असं सांगतात. बाकीच्यांना सगळं कळतं. ते जेवत नाहीत, चिडचिड करतात, आणि आपण त्यांच्या गोळ्या वाढवतो. काही ख्रिस्ती आश्रमांत त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून गेलेल्याचं नाव घेतात, त्याच्या आवडीचं गीत म्हणतात, आणि पुन्हा २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वर्षभरात गेलेल्या सर्वांची नावं वाचतात. त्या वेळी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मावशींकडे पाहावं. गेलेल्याला शेवटची तीन वर्षं त्यांनीच भरवलेलं असतं, आणि त्यांना रडायला दुसरी जागा नसते. त्यांनाही एक खुर्ची द्या.